बालकांचीं जीवनसत्त्वें आणि मात्रेचा विवेक

‘मात्रा’ हा शब्द आपल्याला तीन शास्त्रांत भेटतो. अक्षराच्या डोक्यावर जी तिरपी रेघ देतात ती मात्रा. वृत्तांत उच्चाराचा काल मोजतात ती मात्रा. आणि वैद्य रोग्याला औषधाचें जें प्रमाण सांगतो तीही मात्राच. तिन्ही ठिकाणीं तिचा धर्म एकच आहे, तो म्हणजे हवी तितकीच असणें. ‘वेद’ या शब्दावर एक मात्रा अधिक पडली कीं त्याचा ‘वैद’ होतो. लेखनांतली अशी चूक रबरानें पुसतां येते. लहान मुलाच्या पोटांत गेलेली अधिक मात्रा पुसण्यास रबर नाहीं. म्हणून मुलांना घरोघर दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या थेंबांविषयीं आणि माशाच्या तेलाविषयीं चार गोष्टी विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या पिंपरीच्या संत तुकाराम नगरांत महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे आणि त्याच्या आसमंतांत औषधांच्या दुकानांची वाण नाहीं. ज्वराचें औषध घेतांना आपण डॉक्टरांची चिठ्ठी दाखवितों. पण टॉनिकाची बाटली किंवा तेलाच्या पिवळ्या गोळ्यांची डबी मागतांना चिठ्ठीची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. मूल हडकुळें दिसतें, जेवतांना तोंड फिरवितें, पाढे लवकर पाठ करीत नाहीं. एवढें कारण पुरतें. जीवनसत्त्व म्हणजे जीवनाचें सत्त्व, तें अधिक झालें तर बिघडलें कुठें, असा सरळ हिशेब त्यामागें असतो. हा हिशेब कोठें चुकतो तें पाहूं.

प्रमाणाची जाणीव आपल्या घरांत नवी नव्हे. बाळगुटी उगाळतांना आजी सहाणेवर प्रत्येक वनस्पतीचे वळसे मोजीत असे. हिरड्याचे किती, वेखंडाचे किती, हें तिला पाठ असे. आणि जायफळाचा वळसा ती हात राखूनच घेई, कारण त्यानें मूल सुस्तावतें हें तिनें पाहिलेलें असे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायाचें नांवच ‘मात्राशितीय’ आहे. काश्यपसंहितेंत तर नवजात बालकाची औषधमात्रा वावडिंगाच्या दाण्याएवढी सांगून ती महिन्यामहिन्यानें वाढवावी, पण आवळ्यापलीकडे जाऊं देऊं नये, असा दंडक आहे. आज बालरोगतज्ज्ञ सांगतात कीं पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नये, गुटीसुद्धां नको. डॉक्टरांनीं सांगितलेले थेंब तेवढे द्यावे. हें मानलेंच पाहिजे. गुटी गेली तरी चालेल; वळसे मोजण्याची संवय मात्र जातां कामा नये.

माशाचें तेल मुलांच्या औषधांत कसें आलें, हें थोडक्यांत सांगतों. थंड व धुरकट हवेच्या युरोपांत मुडदूस या रोगानें मुलांचीं हाडें वांकत. कॉड नांवाच्या माशाच्या यकृताचें तेल दिलें म्हणजे गुण येतो, असा तेथील किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना अनुभव होता. १९१९ सालीं इंग्लंडांत एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून आहारांतील उणीव व मुडदूस यांचा संबंध दाखविला. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत मॅक्कॉलम यांनीं उष्णता व हवा यांच्या योगानें त्या तेलांतील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केलें, तरीही मुडदूस बरा करण्याचा गुण शिल्लक राहिला. त्या गुणाच्या कारणास ‘ड’ जीवनसत्त्व हें नांव मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत नॉर्वेचें तेल येईनासें झालें, तेव्हां आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशी माशाच्या यकृताचें तेल काढण्यास आरंभ झाला. मासा ज्यांच्या ताटांत कधीं आला नाहीं अशा घरांतही ‘औषध म्हणून’ हें तेल चमच्यानें पोंचलें तें याच काळांत.

येथें पहिला विवेक नांवाचा आहे. ‘माशाचें तेल’ या एका नांवाखालीं दोन निराळे पदार्थ विकले जातात. एक माशाच्या अंगांतील चरबीचें तेल. त्यांत ओमेगा-३ वर्गाचीं स्निग्धाम्लें असतात, पण ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वें जवळजवळ नसतात. दुसरें माशाच्या यकृताचें तेल. यकृत म्हणजे शरीराचें कोठार; ‘अ’ जीवनसत्त्वाचा सांठा तेथेंच होतो. म्हणून यकृताच्या तेलांत हीं दोन्ही जीवनसत्त्वें दाटलेलीं असतात. कॉड माशाच्या यकृततेलाच्या एका चहाच्या चमच्यांत सुमारें ४,५०० युनिटें ‘अ’ आणि सुमारें ४५० युनिटें ‘ड’ असतें. आतां दुसरा आंकडा पाहा. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला तयार स्वरूपांतील ‘अ’ जीवनसत्त्व रोज २,००० युनिटांहून, म्हणजे ६०० मायक्रोग्रॅमांहून, अधिक मिळूं नये, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाला ३,००० युनिटांहून अधिक मिळूं नये, अशी कमाल मर्यादा अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेनें २००१ सालीं घालून दिली. अर्थात् दोन वर्षांच्या मुलाला रोज एक चमचा यकृततेल पाजणारी माउली त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक देत असते, आणि तें तिच्या ध्यानींमनींही नसतें.

‘अ’ आणि ‘ड’ हीं जीवनसत्त्वें स्निग्ध पदार्थांत विरघळणारीं आहेत. ‘क’ जीवनसत्त्व अधिक झालें तर त्याचा बराच भाग लघवीवाटे निघून जातो. हीं दोन मात्र शरीरांत सांठून राहतात. या सांठवणुकीचा उपयोग सरकारनें चांगल्या कामीं केला आहे. ‘अ’ च्या अभावानें मुलांना रातांधळेपणा व पुढें अंधत्व येई. तें टाळण्यासाठीं आपल्या देशांत १९७० पासून मोठ्या मात्रेची योजना चालत आली आहे. नवव्या महिन्यांत गोवराच्या लशीबरोबर १ लक्ष युनिटें, नंतर दीड वर्षाच्या सुमारास २ लक्ष, आणि पुढें पांच वर्षें पुरीं होईपर्यंत दर सहा महिन्यांनीं २ लक्ष, अशा एकूण नऊ मात्रा असतात. लक्षाचा आंकडा ऐकून छाती दडपण्याचें कारण नाहीं. २ लक्ष युनिटें सहा महिन्यांच्या दिवसांत वाटून दिलीं तर रोजचीं अकराशेंच्या आसपास पडतात. परंतु ज्या बालकाला ही मात्रा नियमानें मिळते त्याला घरीं पुन्हां यकृततेलाचा चमचा देणें म्हणजे भरल्या रांजणांत घागर ओतणें होय.

‘ड’ जीवनसत्त्वाचा हिशेब निराळा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१७ सालीं याविषयीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. ते तयार करण्यांत पुण्याच्या डॉ. अनुराधा खाडिलकर व डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख भाग होता. जन्मापासून एक वर्षापर्यंत रोज ४०० युनिटें, आणि त्यानंतर रोज ६०० युनिटें, एवढी मुलाची गरज त्यांत धरली आहे. कमाल मर्यादा अमेरिकेच्या संस्थेनें २०१० सालीं सांगितल्या आहेत. त्या पहिल्या सहा महिन्यांत १,०००, पुढील सहा महिन्यांत १,५००, एक ते तीन वर्षांपर्यंत २,५०० आणि चार ते आठ वर्षांपर्यंत ३,००० युनिटें अशा आहेत. मुडदूस झालेल्या मुलाला डॉक्टर यांहून निराळी मात्रा देतात, पण तो उपचार झाला. तो त्यांच्या देखरेखीखालींच व्हावयाचा.

आतां औषधाच्या दुकानांत ‘ड’ जीवनसत्त्व कोणत्या रूपानें मिळतें तें पाहा. बाळांच्या थेंबांच्या एका बाटलींत प्रत्येक मिलिलिटरास ४०० युनिटें असतात, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलींत ८००. बाटली बदलली आणि नळीवरची खूण तीच ठेवली कीं मात्रा आपोआप दुप्पट होते. मोठ्या माणसांसाठीं ६०,००० युनिटांची पुडी, गोळी किंवा ५ मिलिलिटरांची इवलीशी बाटली मिळते. ती बहुधा आठवड्यांतून एकदां घ्यावयाची असते. मोठ्या मुलाची रोजची गरज ६०० धरली, तर त्या एका पुडींत शंभर दिवसांचा शिधा भरलेला असतो. ‘आठवड्यांतून एकदां’ हे शब्द चिठ्ठीवर नीट वाचले गेले नाहींत आणि पुडी रोज दिली गेली, तर दहा दिवसांत पावणेतीन वर्षांचें ‘ड’ जीवनसत्त्व मुलाच्या पोटांत जातें. अशा चुकीनें आजारी पडलेलीं बालकें भारतीय डॉक्टरांनीं अनेकदां पाहून नोंदविलीं आहेत. रक्तांत कॅल्शियम वाढतें. मूल खाईनासें होतें, ओकतें, त्याला मलावरोध होतो, तहान व लघवी वाढते, आणि उपेक्षा झाली तर मूत्रपिंडांवर कायमचा परिणाम होतो.

मात्रा बरोबर ठरली तरी मोजण्याचें साधन खोटें असेल तर सारें व्यर्थ. २००१ सालच्या नोव्हेंबरांत आसामांत मुलांना ‘अ’ जीवनसत्त्व पाजण्याची मोठी मोहीम निघाली. पूर्वी औषधाबरोबर २ मिलिलिटरांचा चमचा येत असे; त्या वेळीं ५ मिलिलिटरांचे पेले वापरण्यांत आले. पुष्कळ मुलें आजारी पडलीं, कांहीं दगावलीं. मृत्यूंचें कारण तें औषधच होतें काय याविषयीं तज्ज्ञांत तीव्र मतभेद झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. त्या वादांत न शिरतांही एक गोष्ट आपण घेऊं शकतों: मापाचें भांडें बदलणें ही क्षुल्लक बाब नव्हे. घरांतला चहाचा चमचा, आमटीचा चमचा, देव्हाऱ्यांतली पळी हीं औषधाचीं मापें नव्हेत. बाटलीबरोबर आलेली नळी त्याच बाटलीची. ती दुसऱ्या बाटलींत बुडवूं नये.

यानंतरचा विवेक बेरजेचा आहे, आणि एकत्र कुटुंबांत सर्वांत नाजूक गोष्ट हीच. महायुद्धानंतर इंग्लंडांत सरकारनें बालकांसाठीं दुधाच्या भुकटींत ‘ड’ जीवनसत्त्व घातलें, लहान मुलांच्या पिठांत घातलें, आणि शिवाय कॉड माशाच्या यकृताचें तेलही वांटलें. प्रत्येक योजना वेगवेगळी पाहिली तर हितकर होती. पण एकाच बालकाच्या पोटांत तिन्हींची बेरीज झाली. १९५० नंतरच्या वर्षांत तेथें रक्तांतील कॅल्शियम वाढून आजारी पडणारीं बालकें डॉक्टरांच्या नजरेस येऊं लागलीं, आणि १९५७ सालीं सरकारनें हीं प्रमाणें कमी केलीं. पुढें २०११ सालीं संशोधकांना असें आढळलें कीं कांहीं बालकांत ‘ड’ जीवनसत्त्व मोडून टाकणारें विकर जन्मतःच दुबळें असतें; इतर भावंडांना सोसणारी मात्राही अशा बालकांना सोसत नाहीं. शेजारच्या मुलाला मानवलें म्हणून आपल्याही मुलाला द्यावें, या युक्तिवादाला त्यामुळें फारसा अर्थ उरत नाहीं.

आपल्या घरांत हीच बेरीज निराळ्या रीतीनें होते. समजा, घरांत तीन वर्षांचा नातू आहे. आई सकाळीं डॉक्टरांनीं दिलेले थेंब देते. काकू कामावर जातांना त्याच्या हातावर फळाच्या स्वादाची जेलीसारखी गोड जीवनसत्त्वाची गोळी ठेवते. दुपारीं आजी, पोराच्या अंगाला मांस लागावें म्हणून, यकृततेलाचा चमचा पाजते. संध्याकाळीं दुधांत शक्तिवर्धक भुकटी पडते, तिच्यांतही हींच जीवनसत्त्वें असतात. आणि पिशवीवर अधिक चिन्ह व ‘एफ’ हें अक्षर छापलेलें असेल तर त्या दुधांतही ‘अ’ व ‘ड’ घातलेलीं असतात. यांत कोणाचाही हेतु वाईट नाहीं. प्रत्येकीनें आपल्यापुरतें योग्यच केलें; फक्त दुसरीनें काय दिलें हें कोणी विचारलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक धोका आहे, आणि तो प्राणावर बेतणारा आहे. घरांत सून किंवा लेक गर्भवती असली म्हणजे लोहाच्या गोळ्या येतात. सरकारी योजनेंतील गोळींत ६० मिलिग्रॅम लोह असतें. बालकाच्या वजनाच्या प्रत्येक किलोस २० मिलिग्रॅमांच्या पुढें लोहाची विषबाधा सुरू होऊं शकते आणि ६० च्या पुढें जिवाला धोका असतो. दहा किलो वजनाच्या मुलानें खाऊ समजून अशा चार गोळ्या गिळल्या तर पहिली मर्यादा ओलांडली जाते आणि दहा गोळ्यांत दुसरी गांठली जाते. मुलांसाठीं लोह निराळें असतें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत आठवड्यांतून दोनदां १ मिलिलिटर औषध, आणि त्यांत २० मिलिग्रॅम लोह, असें सरकारी प्रमाण आहे. मोठ्यांच्या गोळ्या उंच फळीवर, कुलुपांत ठेवाव्या. आणि औषध गोड लागावें म्हणून मुलाला तें ‘चॉकलेट’ आहे असें कधींही सांगूं नये.

आतां बुद्धि वाढविण्यासाठीं दिल्या जाणाऱ्या तेलाविषयीं. ओमेगा-३ वर्गांतील डीएचए हें स्निग्धाम्ल मेंदूच्या व डोळ्यांच्या घडणींत असतें, हें खरें. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत डीएचए आणि त्याचा जोडीदार ईपीए मिळून दोन ते चार वर्षांच्या मुलास रोज १०० ते १५० मिलिग्रॅम, चार ते सहा वर्षांच्या मुलास १५० ते २०० आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलास २०० ते २५० मिलिग्रॅम पुरेसें मानलें आहे. गोळीवर ‘१,००० मिलिग्रॅम तेल’ असें मोठ्या अक्षरांत असतें. त्यांत हीं दोन किती, तें बारीक अक्षरांत असतें. वाचावयाचें तें बारीक अक्षर. पण तेलानें निरोगी मुलाची बुद्धि वाढते काय? बेळगांव येथें ९५७ गर्भवती स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. कांहींना गरोदरपणापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए दिलें, कांहींना दिसण्यास तशीच पण गुणहीन गोळी दिली. वर्षाच्या वयाला मुलांची वाढ तपासली, तेव्हां दोन्ही गटांच्या बौद्धिक विकासांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. हा प्रयोग मातांवरचा आहे, तरी गोळीकडून चमत्काराची अपेक्षा करूं नये एवढा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं.

त्या प्रयोगांतील डीएचए माशाचें नव्हतें, समुद्रांतील सूक्ष्म शेवाळापासून काढलेलें होतें. माशालाही तें शेवाळांतूनच मिळतें. शाकाहारी घरांना डॉक्टरांनीं तें देण्यास सांगितलेंच, तर हा मार्ग मोकळा आहे. मात्र गोळीचें कवच बहुधा प्राणिज जिलेटिनाचें असतें, तेंही पाहून घ्यावें. आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब बहुधा मेंढीच्या लोकरींतील स्निग्ध पदार्थापासून बनतात, हेंही ज्यांना आचाराचा प्रश्न वाटतो त्यांनीं जाणून असावें. रोजच्या आहारासाठीं आपली जवसाची चटणी उत्तम. तिच्यांतलें ओमेगा-३ निराळ्या जातीचें असून शरीर त्याचा थोडाच भाग डीएचए मध्यें बदलूं शकतें. पण त्या जातीचीही मुलाला गरज असतेच, आणि भाजून कुटलेल्या दोन चहाच्या चमच्यांएवढ्या जवसांत आठ वर्षांपर्यंतच्या मुलाची ती रोजची गरज भागते.

‘अ’ जीवनसत्त्वाचें तसेंच. गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा, पपई, शेवग्याचा पाला, मेथी यांत कॅरोटीन असतें, आणि शरीर त्यांतून आपल्याला हवें तेवढेंच ‘अ’ बनवितें. म्हणून गाजर कितीही खाल्लें तरी ‘अ’ ची विषबाधा होत नाहीं; फार तर त्वचा पिवळसर दिसेल. भाजीवर तेलाची फोडणी किंवा भातावर तुपाची धार असली म्हणजे तें चांगलें अंगीं लागतें. हाडांसाठीं ‘ड’ बरोबर कॅल्शियमही लागतें. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेनें दोन ते तीन वर्षांच्या गरीब घरांतील मुलांना कॅल्शियम घातलेले लाडू देऊन पाहिले. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत अशा मुलांच्या हाडांत खनिजांची भर अधिक पडल्याचें आढळलें. लाडू हें मुलाला न रडवितां देतां येणारें औषध आहे. आणि सूर्य तर फुकट आहे. मात्र सकाळचें कोंवळें ऊन या कामीं फारसें उपयोगी पडत नाहीं. आपली सावली आपल्याहून आखूड असते त्या वेळच्या उन्हांत त्वचेमध्यें ‘ड’ तयार होतें. खिडकीच्या काचेआडून येणाऱ्या उन्हांत तें होत नाहीं. चालतें-बोलतें मूल त्या वेळीं थोडा वेळ अंगणांत किंवा गच्चींत खेळावें. तान्ह्या बाळाला मात्र कडक उन्हांत ठेवूं नये, त्याला थेंबच बरे.

शेवटीं कृतीची गोष्ट. घरांतील एकाच व्यक्तीनें मुलांचीं औषधें द्यावीं. ती कोणती हें घरांत मोकळेपणानें ठरवावें, आणि तींत वडीलधाऱ्यांनीं मानापमान मानूं नये. त्या व्यक्तीनें एक वही ठेवावी. पहिल्या पानावर मुलाचें नांव, जन्मतिथि व वजन. पुढें प्रत्येक बाटलीचें नांव, एका मापांत किती युनिटें, किती वेळां, कोणाच्या सल्ल्यानें व केव्हांपर्यंत, अशीं घरें आंखावीं. रुग्णालयांत मिळालेली ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा तारखेसह त्याच वहींत लिहावी. डॉक्टरांकडे जातांना वहीबरोबर घरांतील सगळ्या बाटल्याही पिशवींत घालून न्याव्या. मूल कारणावांचून चिडचिडें झालें, ओकूं लागलें, त्याची त्वचा कोरडी पडून केंस गळूं लागले, हाडें दुखतात म्हणून रडूं लागलें, किंवा तान्ह्याची टाळू फुगीर दिसली, तर सर्व टॉनिकें थांबवून त्याच दिवशीं डॉक्टरांना गांठावें. गोळ्या गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहतां, रिकामी पट्टी हातांत घेऊन रुग्णालयांत जावें.

नातवाच्या तोंडांत घास भरविण्याचा हक्क घरांतल्या प्रत्येकाला आहे, आणि तो कोणी कोणाचा हिरावून घेऊं नये. वरणभात आजीनें भरवावा, लाडू काकूनें द्यावा, गच्चीवर आजोबांनीं खेळवावें. औषधाचा थेंब तेवढा एकाच हातानें आणि वहींत पाहून द्यावा.